पडायची जागा तेवढी ठेवा

प्रति,
मारिओ कार्ट बनवणारी मंडळी,
निन्टेन्डो, क्योटो, जपान

विषय : रेनबो रोडवरून खाली पडण्याबाबत

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कोणाला मराठी येत असेल असं वाटत नाही. पुणेकराचं त्यावाचून अडत नाही. इथे वाड्याच्या दारावर 'गाडी लावू नये' अशी पाटी लावणारा माणूससुद्धा ती कोणी वाचेल या भरवशावर लावत नाही. आपलं म्हणणं एकदा रंगवून टांगलं की त्याला रात्री झोप लागते. हे पत्र त्याच वळणाचं आहे. मी मूळचा साताऱ्याचा, पंचवीस वर्षांपासून पुण्यात. म्हणजे पुणेकर म्हणून अजून उमेदवारीच चालू आहे, पण पाटी लावण्यापुरता हक्क मिळाला असावा.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची कोथरूडला आमच्याकडे राहायला आली होती. वय वर्षं अकरा. कपड्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि तुमच्या स्विच या खेळयंत्राचंच सामान जास्त. सकाळी फराळाची ताटली मांडीवर घेऊन ती मारिओ कार्ट ८ डिलक्स हा तुमचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत बसली. एका हातात कंट्रोलर, दुसऱ्या हातात चकली. मी म्हटलं, "रेनबो रोडचा ट्रॅक लाव की. सगळ्यात जुना, सुपर निन्टेन्डो या जुन्या यंत्रावरचा." तिनं लावला. १९९२ सालचा, दोन्ही बाजूंना नुसता काळोख असलेला तो रस्ता. शर्यत संपली, चकली संपली, पोरगी तिसरी आली आणि एकदाही खाली पडली नाही.

मी चाटच पडलो. एका काटकोनी वळणावर तर तिनं स्टिक हलवलीच नव्हती, ती ताटलीत शेव शोधत होती. गाडी सरळ कडेपर्यंत गेली, तिथे जराशी घुटमळली आणि आपली आपण आत वळली. मग दिसलं, गाडीच्या मागे एक बारीकशी अँटेना लुकलुकत होती. स्मार्ट स्टिअरिंग. म्हणजे रस्त्याला कठडा नाही, पण गाडीलाच लावून दिलाय. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरही आपोआप. म्हणून तर चकलीला हात मोकळा.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा उगाच कुरकुरतोय. (म्हातारा नाही, त्रेचाळीस.)

२००१ साली मी नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो. एका खोलीत चार कॉट आणि चौघांत मिळून एक जोडलेला पेन्टियम थ्री. तुमची यंत्रं आमच्या गल्लीत कोणी पाहिलेली नव्हती. कोणाच्या तरी मित्राच्या मित्राकडून एक सीडी आली, तिच्यात इम्युलेटर, म्हणजे तुमच्या यंत्रांचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम, आणि तुमचा १९९२ चा सुपर मारिओ कार्ट. हे रीतसर नव्हतं, कबूल. एकाच कीबोर्डवर दोघं बसायचो, एकजण बाणांवर आणि दुसरा डाव्या कोपऱ्यातल्या अक्षरांवर. दोघांनी मिळून चार-पाच बटणं एकदम दाबली की कीबोर्ड कोणाचं तरी एक बटण गिळायचा. ते नेमकं रेनबो रोडच्या वळणावर व्हायचं आणि गाडी अंतराळात. मग ढगावर बसलेला तो लाकिटू गळ टाकून गाडी वर काढायचा आणि मोबदल्यात दोन नाणी कापून घ्यायचा. आम्ही त्याला ढगवाला म्हणायचो. फुटकन खाली आपटणारे थ्वॉम्प म्हणजे दगडोबा. ज्याच्याकडून ढगवाल्यानं जास्त वसूल केलं त्यानं खाली जाऊन चौघांना चहा पाजायचा, असा नियम होता. त्या वर्षी मी किती चहा पाजला असेन याचा हिशेब टपरीवाल्याकडेच असेल.

त्या रस्त्यावर एक वळण होतं, म्हणजे आमच्या दृष्टीनं एकच. ते यायच्या आधी खोलीत सगळे गप्प व्हायचे. कॉटवर अभ्यासाचं सोंग करून पडलेला चौथासुद्धा पुस्तकावरून डोळे वर करायचा.

हे का होत होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्या यंत्रात खराखुरा उंचसखल रस्ता नव्हताच. मोड ७ नावाची एक करामत होती. १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचं एक सपाट चित्र सतरंजीसारखं अंथरायचं आणि पडद्यावर एकेक ओळ वेगवेगळी ताणून, फिरवून असं भासवायचं की आपण सतरंजीच्या एका टोकाला उभं राहून लांब बघतोय. त्या गणितासाठी कॅसेटमध्येच डीएसपी-१ ही वेगळी चिप बसवलेली. सतरंजीला चढ नसतो, उतार नसतो, कठडाही नसतो. नक्षी जिथे संपते तिथे रस्ता संपतो.

वळणं तरी एवढी आखूड का? तर हिदेकी कोन्नो आणि तादाशी सुगियामा हे तुमचे लोक १९९० च्या एफ-झिरो या शर्यतीच्या गेमसारखा, पण दोघांनी मिळून खेळायचा गेम करायला बसले होते. पडदा मधोमध कापून दोघांना अर्धा-अर्धा दिल्यावर एफ-झिरोचे ते लांबच लांब सरळ रस्ते यंत्राला झेपेनात. मग रस्ता आखडला, वळणं जवळजवळ आली, आणि असल्या रस्त्यावर शोभतील म्हणून गाड्याही पिटुकल्या झाल्या. मारिओ त्या गाडीत नंतर येऊन बसला. गेम एकट्यानं खेळलं तरी पडदा अर्धाच राहिला, खालच्या भागात नकाशा. रेनबो रोडची सगळी भीती ही अशी जागेच्या टंचाईतून आलेली. पेठेत राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की जुन्या ट्रॅकचा नकाशा जपला नाहीत तरी चालेल, रंग तर खुशाल बदला. त्या ट्रॅकवर माणसाची चूक कुठे व्हायची, ती जागा जपा. तुम्ही ती कधी जपलीत आणि कधी घालवलीत, दोन्ही मी पाहिलंय.

पहिला रिमेक २००१ चा, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या सुपर सर्किटमधला. सुपर निन्टेन्डोचे वीसच्या वीस ट्रॅक त्यात दडवलेले होते, एका कपमध्ये, म्हणजे चार शर्यतींच्या मालिकेत, शंभर नाणी गोळा केली की चार-चार करून उघडायचे. रेनबो रोडचा आकार जसाच्या तसा. पण दगडोबा काढून टाकलेले. वाडा तोच आणि चौकातली विहीर तेवढी बुजवलेली, असं काहीसं वाटलं. रस्ता कडेनं धोक्याचा राहिला आणि मधून निर्धास्त झाला.

मग २०११ चा मारिओ कार्ट ७. इथे मात्र मी तुमच्यापुढे हात जोडतो. दगडोबा परत आले. पण ते आपटले की आता रस्त्यालाच लाट येते, जाजमाचं टोक धरून झटकल्यावर येते तशी. त्या लाटेच्या माथ्यावर नेमक्या क्षणी उडी साधली तर गाडीला वेग मिळतो. चुकली तर मिळत नाही, आणि वेग मिळाला तरी पुढे वळण असतंच, म्हणजे मिळालेला वेगच तुम्हाला अंतराळात नेऊन टाकतो. १९९२ साली दगडोबापासून लांब राहायचं एवढंच कळायचं. आता त्याच्या जवळ जावंसं वाटतं आणि जवळ जायची भीतीही वाटते. पूर्वी सपाट सतरंजीवर लाट आणणं शक्यच नव्हतं, नवं यंत्र हाती आल्यावर तुम्ही ती आणलीत, आणि आणताना चुकायची जागा बुजवण्याऐवजी तिच्याशेजारी आणखी एक खणलीत. रिमेक कसा करावा असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच दाखवेन.

२०१४ च्या नोव्हेंबरात मारिओ कार्ट ८ च्या जादा ट्रॅकांमध्ये हाच रस्ता लाटांसकट पुन्हा आला, दिव्यांच्या झगमगाटात. त्याच पॅकमध्ये एफ-झिरोमधला म्यूट सिटी हा ट्रॅकही होता. ज्या गेमची दोघांसाठीची आवृत्ती जमेना म्हणून मारिओ कार्ट जन्माला आला, तो गेम बावीस वर्षांनी पाहुणा म्हणून त्याच घरी उतरला. हे तुम्ही मुद्दाम केलंत की नाही कोण जाणे, मला मात्र त्या दिवशी गलबलून आलं.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, हे सांगायला दुसरा रेनबो रोड पुरेसा आहे. १९९६ चा, निन्टेन्डो ६४ वरचा. त्याला सबंध रस्ताभर ताऱ्यांचे कठडे होते. आकाशात निऑनचे चेहरे, समोरून उसळत येणारे साखळदंडी गोळे, आणि तीन फेऱ्यांना साधारण सहा मिनिटं. आमच्या पेन्टियमवर तो असा काही रखडायचा की नऊ मिनिटं लागायची, मधे एकजण चहा सांगून यायचा. खरं सांगायचं तर कंटाळवाणा ट्रॅक होता. त्याच्यात जीव आणणारी एकच जागा, सुरुवातीचा तो मोठा उतार. तिथे नेमक्या कोनात उडी मारून कठड्यापलीकडे झेप घेतली तर गाडी पार खालच्या, कितीतरी पुढच्या रस्त्यावर जाऊन पडायची. साधली तर शर्यत तिथेच जिंकली, नाहीतर ढगवाला.

२०१४ च्या मारिओ कार्ट ८ मध्ये तुम्ही या ट्रॅकच्या तीन फेऱ्या मोडून एकच लांब फेरी केलीत, तीन टप्प्यांची. बहुतेक कठडे उचललेत. खाली दिव्यांचं शहर पसरलंत, शेजारून आकाशातून नाणी उधळत जाणारी आगगाडी सोडलीत. जुन्या लोकांनी कठडे गेले म्हणून रडावं? मी तर पेढे वाटले असते. मूळ ट्रॅकमध्ये जे असायला हवं होतं आणि नव्हतं, ते रिमेकनं दिलं. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, २०० सीसी हा आणखी वेगवान वर्ग आणलात तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं बोट ब्रेककडे गेलं.

बेबी पार्क या ट्रॅकबद्दल तीनच वाक्यं. २००३ साली गेमक्यूबवर सात फेऱ्या, २००५ साली डीएसवर पाच, आणि २०१५ ला पुन्हा सात. नुसता अंडाकृती ट्रॅक, सारसबागेला चक्कर मारल्यासारखा, पण सातव्या फेरीपर्यंत पुढचे कोण आणि मागचे कोण हेच कळेनासं होतं. पाचव्या फेरीला ते अजून कळत असतं, म्हणून सातच बरोबर.

कोकोनट मॉल या ट्रॅकचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे तुम्ही स्वतःच माझी बाजू मांडली आहे. २००८ च्या, 'वी' या यंत्रावरच्या मूळ ट्रॅकमध्ये शेवटी पार्किंगची जागा लागायची आणि तिथे गाड्या पुढे-मागे हलत असायच्या. जिंकत आलेला माणूस शेवटच्या पन्नास पावलांवर एखाद्या मोटारीला धडकून सातवा यायचा. रविवारी संध्याकाळी कुठल्याही मोठ्या मॉलच्या तळघरात गाडी लावायला गेलेल्या पुणेकराला यात अतिशयोक्ती दिसणार नाही. मार्च २०२२ मध्ये जादा ट्रॅकांच्या पहिल्या हप्त्यात हा मॉल स्विचवर आला. चकचकीत, नवा, आणि पार्किंगमधल्या गाड्या जागेवर थिजलेल्या. आत शाय गाय हे तुमचे मुखवटेवाले बसलेले, पण नुसते बसलेले. लोकांनी लगेच ओळखलं की काहीतरी गेलंय. काही महिन्यांनी अपडेट आलं आणि त्या गाड्या गोल-गोल फिरायला लागल्या. म्हणजे तुम्हालाही पटलं होतं. मॉलचा एकही खांब हलवला नाहीत, फक्त धडकायची सोय परत दिलीत, आणि ट्रॅक जिवंत झाला.

त्याच पहिल्या हप्त्यात स्काय गार्डन हा ट्रॅकही होता. मूळचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा, आणि नव्या रस्त्याचं जुन्या रस्त्याशी नातं म्हणाल तर लांबच्या चुलत्याचं. नकाशा बदलला म्हणून मी ओरडणार नाही, आधीच लिहून दिलंय. ओरडतो ते एवढ्यासाठी, की त्यात डोकं लावून चुकावं असं मला काहीच सापडलं नाही. ढग बघत बघत शेवट येतो.

आणि आता २०२५ चा मारिओ कार्ट वर्ल्ड. चोवीस गाड्या, सगळे ट्रॅक रस्त्यांनी एकमेकांना जोडलेले. कल्पना भव्य आहे. पण कपमध्ये पहिली शर्यत सोडली तर पुढच्या ट्रॅककडे हायवेनं जायचं आणि तिथे पोहोचल्यावर बहुतेक वेळा एकच फेरी मारायची. जुना ट्रॅक म्हणजे वाटेतलं एक गाव झाला. चूक पहिल्या फेरीत कळते, दुसऱ्या फेरीत तीच चूक भीतीनं होते आणि तिसऱ्या फेरीत माणूस काहीतरी करून दाखवतो. एकाच फेरीत ते वळण भेटतं आणि निरोप घेतं. मघाशी निन्टेन्डो ६४ च्या रेनबो रोडला एकच फेरी दिल्याचं कौतुक केलं ते मी विसरलेलो नाही. तो रस्ता मुळातच रटाळ लांब होता, त्याला कात्री चालली. छोट्या ट्रॅकला कात्री लावलीत तर हातात चिंध्या उरतात.

रिमेकमधलं आम्हाला काय कळतं असं वाटत असेल तर सांगतो. सिंहगड रस्त्यावर आमच्याकडे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, पु. ल. देशपांडे उद्यान. साधारण दहा एकर. तुमच्या ओकायामातल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. माती आमची, ऊन आमचं, बाकांवर बसलेल्या आजी-आजोबांच्या गप्पाही आमच्याच. पण वाटेनं चालताना पाणी कधी दिसतं, कधी उंचवट्याआड जातं, पुलावर आल्यावर पुन्हा वेगळं होऊन समोर येतं. सगळी बाग एकदम हाती लागत नाही, चालणाऱ्याला ती हप्त्याहप्त्यानं मिळते. ज्यानं कोणी ही बाग आखली त्याला ओकायामाहून काय आणायचं आणि काय तिथेच ठेवायचं हे कळलं होतं. मी रविवारी सकाळी तिथे जातो तेव्हा मला तुमच्या दगडोबाची लाट आठवते. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तू फिरायला जातोस ना, मग फीर.

(रस्त्यांच्या रिमेकचाही आम्हाला सराव आहे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या २ ऑक्टोबरला स्फोटकं लावून पाडला, त्यानंतर तिथे जे उड्डाणपूल आणि फाटे झाले त्यांवर पहिल्या वेळी मी बावधनला म्हणून निघालो आणि मुळशीच्या दिशेला लागलो. तिथे ढगवाला येत नाही. कात्रजच्या घाटात कठडे हवेतच, ते काढा असं मी म्हणणार नाही. मी फक्त खेळाबद्दल बोलतोय.)

तर भाचीची गोष्ट अर्धी राहिली.

मी तिच्याकडून कंट्रोलर घेतला, शर्यत थांबवली आणि स्मार्ट स्टिअरिंग बंद केलं. अ‍ॅक्सिलरेटरही तिच्या बोटावर दिला. गाडीमागची अँटेना गेली. पहिल्याच वळणावर ती खाली. "मामा, इथे कठडा का नाहीये?" ढगवाल्यानं उचलून आणलं, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा पडल्यावर तिनं न बोलता फराळाची ताटली मांडीवरून उचलून खाली जमिनीवर ठेवली. चौथ्यांदा पडली तेव्हा पाठ सोफ्याला टेकलेली नव्हती. दगडोबाच्या पहिल्या लाटेवर तिला चुकून उडी साधली, गाडी सुसाट सुटली, आणि त्या सुसाट गाडीनिशी ती थेट अंतराळात गेली. यावेळी ती हसली. बारावी आली, म्हणजे शेवटची. "परत," म्हणाली.

स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "काय रे, पोरीला पाडतोस काय?"

माझी मागणी एवढीच. स्मार्ट स्टिअरिंग ठेवा. चार वर्षांच्या पोरालाही खेळता यावं, हात थरथरणाऱ्या आजीलाही. पण डबा उघडल्या-उघडल्या ते आधीपासून चालू ठेवू नका. ज्या मुलाला आपल्याला काय लावलंय तेच माहीत नाही, ते ते बंद कसं करणार? पहिल्या शर्यतीआधी साधं विचारा, पडायचं आहे का? बहुतेक पोरं हो म्हणतील. आणि पुढे कधी वर्ल्डमध्ये किंवा त्यानंतरच्या कशात १९९२ चा तो रस्ता पुन्हा आणलात, तर त्याला त्याच्या पूर्ण फेऱ्या द्या. लाटा असू द्या. अजून काही नवं सुचलं तर जरूर घाला, फक्त ते कठड्याच्या रूपात नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नव्या पेठेतला जुना पडेल खेळाडू,
हल्ली मुक्काम कोथरूड, पुणे

ता. क. भाची सुट्टी संपवून घरी गेली. काल तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, आज आख्ख्या शर्यतीत दोनदाच पडले. तू त्या खोलीत असताना किती वेळा पडायचास?" मी तिला म्हटलं, फोन बाबांकडे दे.